ओरडत नाही म्हणून दुखत नाही?



परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे आमचे गाव. लहानपणी वर्षातून एकदा तरी घरातील सर्व मंडळी याच रस्त्याने नेमगिरीच्या दर्शनाला जात असत. तेथील गुंफांमधून दर्शन घेऊन बाहेर आल्यावर आजी आम्हा मुलांना सावलीत बसवी आणि भगवान नेमिनाथांच्या विवाहाची कथा सांगे. वरात निघाली आहे, वाद्ये वाजत आहेत आणि वाटेत भोजनासाठी कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडतो. रथ मागे फिरतो. राजुलशी ठरलेला विवाह तसाच राहतो आणि नेमिकुमार गिरनारच्या वाटेला लागतात. ही कथा आपल्या समाजात घराघरांत सांगितली जाते. तीत नवे असे काही नाही.

तथापि या कथेतील एका गोष्टीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. त्या वाड्यात कोंडलेले पशू ओरडत होते. वाद्यांच्या गजरातही ऐकू येईल इतक्या मोठ्याने ओरडत होते. आपल्या दुकानाच्या ओट्यावर पडून राहणारा कुत्रा, धान्याच्या गोदामात फिरणारे मांजर आणि गोठ्यातील म्हातारी गाय यांना जेव्हा महिनोन् महिने दुखत असते, तेव्हा ती बहुधा ओरडत नाहीत. त्यांचे दुखणे कानांनी ऐकू येत नाही. ते डोळ्यांनी वाचावे लागते. हे वाचणे मला आले नाही, त्याची कहाणी आज प्रथम सांगतो.

आमच्या किराणा व आडतीच्या दुकानात मोत्या नावाचा कुत्रा होता. पिल्लू असताना आला आणि दुकानाचाच झाला. रात्री राखण करावी, सकाळी शटर उघडण्याचा आवाज येताच शेपटी हलवीत पुढे यावे, दिवसभर गिऱ्हाइकांनी दिलेली बिस्किटे खावीत, असा त्याचा क्रम. दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर तो शटरच्या आवाजाला येईनासा झाला. जागेवरूनच मान उचलून पाही. उठताना मागचे पाय आधी ताणी, थोडा वेळ थांबे, मग चार पावले लंगडत टाकी आणि पुढे नीट चाले. रात्री तीन-तीनदा जागा बदली. घरातील लहान मुलांनी पाठीवर हात ठेवला की गुरगुरे. पूर्वी हीच मुले त्याच्या अंगावर लोळत असत. आम्ही सर्वांनी एकच निष्कर्ष काढला होता: मोत्या म्हातारा झाला, आणि म्हातारपणी चिडचिडा झाला.

एके दिवशी माझी नऊ वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, मोत्या पायऱ्या चढतच नाही. तो मागच्या उतारावरून फिरून येतो." मी पाहिले, तर खरेच. तीन पायऱ्यांचा ओटा टाळण्यासाठी तो जीव साऱ्या वाड्याला वळसा घालीत होता. किती महिन्यांपासून, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढची चूक माझी एकट्याची. माझ्या गुडघ्यांसाठी मिळालेली वेदनाशामक गोळी घरात होती. मी तीच अर्धी मोडून भाकरीच्या तुकड्यात घालून मोत्याला देऊ लागलो. दोन दिवस त्याला बरे वाटल्यासारखे दिसले. चौथ्या दिवशी त्याने अन्न सोडले आणि डांबरासारखी काळी शी केली. परभणीला पशुवैद्यकांकडे नेले, तेव्हा त्यांनी सांगितले की गोळीने जठरात व्रण होऊन आतून रक्तस्राव होत आहे. उपचारांनी तो वाचला. त्यानंतर तपासणी झाली, क्ष-किरण चित्र काढले गेले. खुब्याचे दोन्ही सांधे झिजले होते, कमरेच्या मणक्यांवर हाड वाढले होते. मी म्हणालो, "वय झाले हो त्याचे." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वय झाले हे खरे, पण त्याला दुखते आहे हेही खरे. पहिल्यावर उपाय नाही, दुसऱ्यावर आहे."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही आणि आजचे सदर त्या वाक्याचाच विस्तार आहे.

जखम झाली, काटा मोडला, हाड मोडले की जी वेदना होते ती तात्कालिक. तिचा उपयोग असतो. ती जिवाला सावध करते. परंतु जखम भरण्याचा काळ उलटून गेल्यावरही जी टिकते, तीन-तीन महिने किंवा वर्षानुवर्षे चालते, ती दीर्घकालीन वेदना. तिचा जिवाला काही उपयोग नसतो. उलट सततच्या संदेशांनी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते आणि साधा स्पर्शही दुखू लागतो. मोत्या मुलांवर गुरगुरत होता तो याच कारणाने. त्याचा स्वभाव बदललेला नव्हता. प्राणी ही वेदना लपवितात, कारण रानातील नियमानुसार दुबळेपणा दिसला की शत्रू टपतो. हजारो वर्षे माणसाच्या दारात राहूनही कुत्र्या-मांजरांनी ती सवय टाकलेली नाही.

विज्ञानानेही हे मान्य करण्यास वेळ घेतला. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांमध्ये स्पष्ट नमूद केले की शब्दांनी सांगणे हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक प्रकार आहे. सांगता येत नाही म्हणून मनुष्याला किंवा अन्य प्राण्याला वेदना होत नाही असे ठरत नाही. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जिवांना सुखदुःखाचे वेदन आहे असे मानणाऱ्या आपल्या परंपरेला यात आश्चर्य वाटू नये. आश्चर्य वाटावे ते याचे की, इतके मानूनही आपल्याच दारातील पंचेंद्रिय जिवाचे दुखणे आपल्याला दिसत नाही.

मग ते ओळखावे कसे?

कुत्र्याच्या बाबतीत उठतानाचा ताठरपणा हे पहिले लक्षण. चार पावले चालल्यावर तो सैल होतो, म्हणून आपली फसगत होते. पायऱ्या, गाडी, खाट यांवर चढण्याआधी तो थबकतो. एकच सांधा सतत चाटून तेथील केसांचा रंग बदलतो. मागच्या मांड्या बारीक होतात आणि पुढचा भाग भारदस्त दिसू लागतो, कारण तो सारा भार पुढच्या पायांवर घेत असतो. चालणे घटल्यामुळे नखे वाढतात. उकाडा नसताना धाप लागते. रात्री त्याला एका कुशीवर स्वस्थता मिळत नाही.

मांजर याहून अधिक गूढ. ते लंगडताना क्वचितच दिसते. ते फक्त काही गोष्टी करणे सोडून देते. पोत्यांच्या थप्पीवर एका उडीत जाणारे मांजर आधी खालच्या पोत्यावर, मग वरच्या पोत्यावर असे टप्प्याटप्प्याने जाऊ लागते आणि पुढे खालीच झोपते. पाठ वळवता येत नाही म्हणून अंग चाटून स्वच्छ करीत नाही. कमरेजवळचे केस गुंततात. ठरलेल्या जागी न जाता भलतीकडे घाण करते आणि आपण त्याला खोडकर ठरवितो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली. त्यांतील ९० मांजरांमध्ये सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या. चित्रात झीज दिसली म्हणजे प्रत्येकाला दुखतेच असे नाही. परंतु म्हातारे मांजर "नुसते झोपाळू" झाले आहे असे म्हणण्यापूर्वी थांबावे, एवढे यावरून निश्चित समजते.

दातांचे दुखणे दोघांनाही होते. घास तोंडातून पडणे, एकाच बाजूने चावणे, कडक भाकरी टाळून भिजवलेलीच खाणे, तोंडाला दुर्गंधी येणे या त्याच्या खुणा. "जेवतो आहे ना, मग ठीक आहे" हे आपले नेहमीचे वाक्य मात्र मनातून काढून टाकावे. भूक ही वेदनेहून जुनी आहे. दुखत असतानाही प्राणी खातो.

गाय-बैलांच्या वेदनेची भाषा आणखी निराळी. पाठीला कमान करून उभे राहणे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलीत राहणे, कळपात सर्वांच्या मागे पडणे, रवंथ कमी होणे, कान मागे पडणे, डोळे अर्धवट मिटलेले असणे, दात खाणे आणि दुधात घट येणे ही लक्षणे जाणता गुराखी एका दृष्टिक्षेपात ओळखतो. आपण व्यापारी मंडळी गाय दान करतो, गोशाळेला चाराही पाठवितो. परंतु गाय उभी कशी राहते ते किती वेळा पाहतो?

येथे मला आपल्या धंद्यातीलच एक साधन सुचवावेसे वाटते. आपण रोजकीर्द लिहिणारी माणसे आहोत. दिवसभरात दुकानात काय आले, काय गेले, याची नोंद झाल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. वर्षाच्या शेवटी तोटा दिसतो तो एका दिवसाचा नसतो; रोज थोडा-थोडा साचलेला असतो. दीर्घकालीन वेदनाही तशीच साचते आणि म्हणूनच ती स्मरणशक्तीला सापडत नाही, वहीला सापडते. घरातील प्राण्यासाठी एक लहान वही घालावी. दर अष्टमी-चतुर्दशीला, ज्या तिथी आपल्या घरात एरवीही पाळल्या जातात, पाच गोष्टी लिहाव्यात: उठताना कसा उठला, चालला-चढला किती, रात्री झोप कशी होती, अंगाची स्वच्छता ठेवतो का, आणि माणसांत येतो का. प्रत्येकीपुढे "पूर्वीसारखे", "कमी" किंवा "नाही" एवढाच शब्द पुरे. मोबाईलवर त्याच्या चालण्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. दवाखान्यात प्राणी भीतीने अंग चोरतो आणि लंगडणेही विसरतो. अशा वेळी घरची चित्रफीत व वही पशुवैद्यकाला फार उपयोगी पडते. ही नोंद घरातील मुलांकडे सोपवावी. आमच्या घरी जे मोठ्यांना दिसले नाही ते नऊ वर्षांच्या मुलीला दिसले, हे मी वर सांगितलेच आहे.

आता उपायांकडे वळू. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. परंतु त्या सांध्यासह सुखाने जगता येते.

पहिला उपाय वजनाचा. आपल्या घरांत प्रेम हे तुपातून आणि गोडातून व्यक्त होते आणि कुत्र्याच्या वाट्यालाही तेच येते. प्रत्येक अधिक किलोचा भार त्याच दुखऱ्या सांध्यावर पडतो. २००२ सालीच प्रसिद्ध झालेला एक दीर्घ अभ्यास या दृष्टीने लक्षणीय आहे. लॅब्रेडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या २४ जोड्या केल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे, शिवाय सांध्यांचे दुखणे कमी खाणाऱ्यांना पुष्कळ उशिरा जडले. आपल्या बाह्य तपांमध्ये ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, सांगितले आहे. ते तप आपले आहे, प्राण्यावर लादायचे नाही. मात्र त्याच्यापुढे किती वाढायचे हे आपल्या हाती असल्याने तेवढा विवेक आपणच ठेवायचा आहे. मोत्याची बिस्किटे आम्ही बंद केली, तेव्हा गिऱ्हाइके रागावली. मोत्या मात्र हलका झाला.

दुसरा उपाय जागेचा. गुळगुळीत शहाबादी फरशी दुखऱ्या पायांची वैरीण असते; पाय घसरतो आणि सांध्याला हिसका बसतो. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरावे. झोपण्यासाठी जाड वाकळ द्यावी; मराठवाड्यातल्या थंडीत जमिनीचा गारवा सांध्यांत उतरतो. पायऱ्यांच्या कडेला फळी टाकून चढ करून द्यावा. पाण्याचे व अन्नाचे भांडे थोडे उंच ठेवावे. मांजरासाठी पोत्यांच्या पायऱ्या रचाव्यात. रोज दोनदा सावकाश, थोडे चालवावे. एकाच दिवशी लांबवर नेऊन पुढे चार दिवस बसवून ठेवू नये. यांतील कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च येत नाही.

तिसरा उपाय औषधाचा आणि येथे अत्यंत सावध राहिले पाहिजे. माणसाची वेदनाशामक गोळी प्राण्याला कधीही देऊ नये. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते, कारण ते औषध पचविण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते. पशुवैद्यक प्राण्याचे वजन, मूत्रपिंड व यकृत पाहून औषध व मात्रा ठरवितो. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी वेगळी औषधे असतात, ती इतर औषधांच्या जोडीने दिली जातात. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये आणि लवकर गुण यावा म्हणून दोन वेदनाशामके स्वतःहून एकत्र करू नयेत. वारंवार स्टेरॉईडचे इंजेक्शन मागण्याची सवयही चांगली नाही. त्याने तात्पुरता आराम पडतो आणि शरीर आतून पोखरते.

औषधाची निवड ही अहिंसेचीही बाब आहे, हे आपल्या देशाने एका मोठ्या हानीतून शिकले. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास टोचले जाऊ लागले. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही वर्षांतच त्यांच्या काही जातींतील नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांनाही जनावरांसाठी मनाई झाली. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. गोशाळेला औषधे दान करणाऱ्या बंधूंनी देयक चुकते करताना औषधाचे नावही वाचावे, ही विनंती. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्या जिवाचा घात होऊ नये.

गोशाळेचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन शब्द. संक्रांतीला किंवा पर्वाच्या दिवशी आपण गाईंपुढे गूळ, पोळ्या, भिजवलेले धान्य, शिजवलेला भात यांचे ढीग ओततो. गाईचे पोट चाऱ्यासाठी बनलेले आहे. एकदम इतके धान्य व गोड गेले की पोटात आम्ल वाढते. त्यातून गाय दगावू शकते; वाचली तरी पुढे खुरांच्या आतील नाजूक भागाला सूज येऊन ती कायमची लंगडी होऊ शकते. म्हणजे आपण पुण्य म्हणून जे दिले त्यातूनच एका दीर्घ वेदनेचा आरंभ होतो. ज्या गाई सदैव दगडी फरशीवर बांधलेल्या असतात त्यांची खुरे झिजत नाहीत. ती वाढतात, वाकतात आणि प्रत्येक पाऊल दुखते. वेळोवेळी खुरे साळून घेणे हा त्यावरील साधा उपाय आहे. दुकानातील पॅकिंगची तार, खिळे आणि प्लास्टिक उकिरड्यावर जाते, चाऱ्याबरोबर गाईच्या पोटात जाते आणि तार आतून टोचत राहते. अशी गाय कोपर बाहेर काढून उभी राहते, उतारावरून उतरायला तयार होत नाही. आपल्या दुकानाचा कचरा वेगळा करणे हीदेखील जीवदया आहे. मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले, तेव्हापासून व्यापारी वर्गाने या कामाला धन कधी कमी पडू दिले नाही. यापुढे त्या धनातील काही भाग खुरे साळणाऱ्याच्या मजुरीसाठी, पशुवैद्यकाच्या नियमित फेरीसाठी आणि गाईंच्या बसण्याच्या मऊ जागेसाठी राखून ठेवावा.

आपल्या शेतकरी बांधवांकडे याबाबत एक सुंदर रीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून तो हातांनी मळला जातो. तो सणाचा विधी असला तरी हात फिरविताना खांद्याची सूज, घट्टा, जखम आपोआप सापडते. शिंगाच्या मुळाशी दुखरेपणा, शिंग एका बाजूला झुकणे किंवा नाकातून रक्त येणे या शिंगाच्या कर्करोगाच्या खुणाही अशाच वेळी लक्षात येतात. वर्षातून एकदा जे बैलासाठी होते ते आपण महिन्यातून एकदा घरच्या प्रत्येक प्राण्यासाठी करावे. डोक्यापासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने हात फिरवावा. जेथे तो अंग आखडतो, मान वळवितो किंवा श्वास रोखतो, ती जागा वहीत लिहावी.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत ते आपण पाठ केले आहेत. बांधणे, मारणे, कापणे, अधिक भार लादणे आणि खाणेपिणे रोखणे; हे बहुतांशी पाळीव जनावरांच्याच व्यवहारातले दोष आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यांचा आजचा अर्थ असाही घेता येईल: आखूड दाव्यामुळे वाढलेली खुरे हा बंधाचा दोष, गळ्यात रुतलेला पट्टा हा छेदाचा, तूप-बिस्किटांनी वाढविलेले वजन हा अतिभाराचा, आणि दातदुखीने चावता येत नसताना पुढे टाकलेली वाळलेली भाकरी हा अन्नपाननिरोधाचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जखमी, आजारी वा वयामुळे असमर्थ झालेल्या जनावराकडून काम करवून घेणे आणि पुरेसे अन्नपाणी न देणे हे गुन्हे ठरविले आहेत.

शेवटी दोन नाजूक गोष्टी.

"त्याच्या कर्माचे फळ तो भोगतो आहे," असे कोणी म्हणते. असातावेदनीय कर्माचा उदय आपण मानतोच. पण कर्मसिद्धांत हा स्वतःच्या दुःखात समता राखण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी नाही. प्राणिमात्रांविषयीची अनुकंपा ही सातावेदनीयाच्या बंधाची कारणे सांगताना आरंभीच गणली आहे, हे विसरू नये. अन्न सोडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे पाहून "त्याने संथारा घेतला" असे म्हणणारेही भेटतात. संथारा हे जाणतेपणी घेतलेले व्रत आहे. ज्याच्या जबड्यात दुखते म्हणून खाता येत नाही, त्याच्यासाठी आधी वैद्य बोलवावा.

दुसरी गोष्ट दयामरणाची. असाध्य वेदनेत पशुवैद्यक कधी तो पर्याय पुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेक घरांना तो मान्य होत नाही आणि ती श्रद्धा मी समजू शकतो. परंतु जे घर मृत्यूचे इंजेक्शन नाकारते, त्या घरावर वेदनेच्या औषधाची जबाबदारी दुपटीने येते. शेवटच्या दिवसापर्यंत वेदनाशमन कसे करायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. दर काही तासांनी कूस बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे, चमच्याने पाणी पाजावे, रात्री कोणी तरी जवळ असावे. "आम्ही मारणार नाही" एवढे म्हणून कोपऱ्यात कण्हत ठेवणे, ही अहिंसा होत नाही. व्रत आपले असते, वेदना त्याची असते.

आपल्या भागात मदतीची साधने आहेत. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्याशी जोडलेल्या चिकित्सालयात जनावरांवर उपचार होतात. तालुक्यांत शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी आहे. तो दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

मोत्या त्या उपचारानंतर आणखी दोन वर्षे जगला. तिसऱ्या आठवड्यातच एका सकाळी शटर वर गेले आणि तो फळीवरून हळूहळू उतरून पुढे आला. शेपटी हलत होती. माझी पुतणी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तो गुरगुरला नाही. दोन हिवाळ्यांनंतर एका पहाटे तो आपल्या वाकळेवरच शांत झाला.

पोळा आणि आपले पर्युषण पर्व एकमेकांना लागूनच येतात. पर्वाच्या अखेरीस आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. त्या वर्षी क्षमा मागताना माझ्या मनात प्रथम मोत्या आला. त्या अर्ध्या गोळीसाठी नव्हे, कारण ती अज्ञानाने दिली होती. ज्या महिन्यांत तो वाड्याला वळसा घालीत होता आणि मी गल्ल्यावर बसून त्याच्याकडे पाहत असूनही मला दिसत नव्हते, त्या महिन्यांसाठी. यंदा क्षमापनेपूर्वी आपण सर्वांनी एकदा आपल्या ओट्यावर, गोदामात आणि गोठ्यात जाऊन यावे. काही वेळ नुसते उभे राहून पाहावे. कोण उठताना थांबतो, कोण पायरी टाळतो, ते आपोआप दिसू लागेल.

जय जिनेंद्र.